दाजींनी न घेतलेली दारू

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, ज्यांना मी दाजी म्हणायचो, त्यांनी उभ्या आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही. तरी सातपूरच्या आमच्या कारखान्यात, आमच्या कॉलनीत आणि सगळ्या नात्यात ते दारुडे म्हणूनच ओळखले गेले. हे नाव त्यांना मी मिळवून दिलं. माझा हेतू वाईट नव्हता, हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आता त्याचा उपयोग होत नाही.

दाजी नांदगावकडचे. लग्नानंतर मीच त्यांना नाशिकला बोलावून कारखान्यात चिकटवलं. आमच्याकडे पत्र्याचे सुटे भाग प्रेसवर ठोकून काढायचं काम चाले. मी तिथे जुना, आणि युनियनचा कामगार प्रतिनिधी. दाजी कमी बोलणारे, कामाला चोख. दर पौर्णिमेला बुद्धविहारात वंदना तेच सांगायचे. आवाज खर्जातला होता, पोरंसुद्धा चुळबुळ थांबवून ऐकायची. दारू न पिणं हे पाचवं शील त्यांच्या बाबतीत पाळायचा विषयच नव्हता. वास आला तरी ते उठून लांब बसायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कारखान्यात त्यांना अपघात झाला. साखळीच्या कप्पीने जड साचा वर घेत होते. साचा सुटला, मोकळा झालेला आकडा झोक्यासारखा फिरला आणि दाजींच्या कानाच्या वर बसला. रक्त फार नाही गेलं. थोडा वेळ शुद्ध नव्हती, मग उठून बसले आणि पाणी मागितलं. विम्याच्या दवाखान्यात टाके घातले, डोक्याचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, हाड शाबूत आहे. आम्ही सगळ्यांनी तेवढंच ऐकलं. माझ्या बहिणीने कॉलनीत पेढे वाटले.

त्यानंतर दाजींची झोप बिघडली. बिघडली म्हणजे काय, हे कळायलाच आम्हाला फार वेळ लागला. रात्री ते टक्क जागे असायचे, डोळा लागलाच तर ओरडत उठायचे. आणि दिवसा कुठेही, कसंही झोपायचे. जेवताना घास हातात असायचा आणि मान खाली. न्हाव्याच्या खुर्चीत झोपायचे. एकदा तर भाजीवाल्याला पैसे देता देता हातगाडीला टेकून झोपले.

मी त्यांना म्हणालो, "दाजी, रात्रीची झोप होत नाही म्हणून दिवसा येते. दुपारी जरा निग्रह करा."

ते म्हणाले, "दादा, झोप येते तेव्हा माणसाला आधी कळतं की नाही? जांभई येते, डोळे जड होतात. माझं तसं नाही. मी विझतो."

हे वाक्य त्यांनी मला इतकं स्पष्ट सांगितलं होतं. यापेक्षा नेमकं पुढे डॉक्टरांनीही सांगितलं नाही.

गंगापूर रोडला मेंदूचे एक वयस्कर डॉक्टर होते, त्यांच्याकडे मी दाजींना घेऊन गेलो. फोटो पुन्हा काढले, ते स्वच्छ आले. डॉक्टर म्हणाले, "फोटोत हाड दिसतं, रक्ताची गाठ असली तर दिसते. पण मेंदू चालतो तो रसायनांवर. जागं ठेवणारी वेगळी, झोपवणारी वेगळी. यांच्या डोक्यात त्यांचा तोल गेलेला दिसतोय. ते फोटोत येत नाही."

"बरं होईल ना?"

"काहींचं होतं. यांना मशीनवर ठेवू नका. कंपनीला लिहून देऊ का तसं?"

मी घाईघाईने म्हणालो, "आत्ता नको. लागलं तर येऊन घेऊन जाईन."

का नको म्हणालो, ते सांगायला हवं. कारखान्यात आम्ही मरणापेक्षा एका शब्दाला भ्यायचो, तो म्हणजे अनफिट. आमच्या एका वेल्डरचे डोळे गेले. त्याने भाबडेपणाने डॉक्टरचा कागद आणून दिला. महिन्याभरात शाल, नारळ आणि घरचा रस्ता. पुढे तो आठवडी बाजारात लसूण विकायचा आणि आवाजावरून आम्हाला ओळखायचा. दारूचं मात्र तसं नव्हतं. दारू पिऊन कामावर आलेला माणूस सापडला की चौकशी बसायची. त्याने चूक कबूल करायची, मान खाली घालायची, मी दोन शब्द बोलायचो, थोडे दिवस निलंबन, की परत कामावर. साहेबांनाही ते सोयीचं होतं. दारूची केस सोडवणं हा माझ्या डाव्या हाताचा मळ होता. अशा किती सोडवल्या, आठवत नाही.

दाजी दुपारच्या पाळीत प्रेसच्या मागे, खोक्यांच्या ढिगावर झोपलेले सापडले. त्याआधी दोनदा समज मिळालेली होती. या वेळी चार्जशीट आली. कामावर झोपणं म्हणजे आमच्याकडे नोकरी जाण्याइतका मोठा गुन्हा.

चौकशीच्या आदल्या दिवशी गेटसमोरच्या टपरीवर मी त्यांना बसवलं.

"दाजी, उद्या सांगायचं, घेतली होती म्हणून."

"काय घेतली होती?"

"दारू, दुसरं काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दादा, डोक्याला लागलंय ते सांगू की. इथंच तर लागलं."

"इथं लागलं म्हणूनच ते ऐकणार नाहीत. म्हणतील, हाड शाबूत होतं. वर मेडिकलला पाठवतील, आणि मेडिकलने अनफिट म्हटलं की मी काही करू शकत नाही. दारूचं माझ्यावर सोडा."

"मी कधी घेतली नाही हो."

"मला माहीत आहे ना. एक वाक्य बोलायचं आणि विसरून जायचं."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुम्ही म्हणता तर बोलतो," असं म्हणाले. मोठ्या मेहुण्याचा शब्द मोडायचा नाही, हे त्यांच्या घरात शिकवलेलं होतं, आणि नोकरीही माझ्याच शब्दावर मिळालेली. ते नाही म्हणू शकत नव्हते, हे मला त्या वेळी दिसत होतं. मी ते बघितलं नाही असं केलं.

दुसऱ्या दिवशी पर्सोनेल साहेबांच्या खोलीत आम्ही बसलो. साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी विचारलं, "का झोपला होता?"

दाजी म्हणाले, "घेतली होती साहेब."

साहेबांनी मान वर केली. "तुम्ही? कोणती घेतली होती?"

हे मी शिकवलेलं नव्हतं. दाजींना दारूची नावंच माहीत नव्हती. ते माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाखालून पाय हलवला, पण पायाने काय सांगणार?

"पांढरी," दाजी म्हणाले.

सुपरवायझर फिसकन हसला. "पांढरी म्हणजे? दूध?"

"देशी असेल साहेब," मी म्हणालो. "लाजतायत. पहिलीच वेळ आहे."

"देशी," दाजी म्हणाले.

सगळे हसले. मीही हसलो, कारण केस सुटली होती. अपघाताचं कुणी काढलं नाही. खोलीतल्या एका माणसाने तरी काढायला हवं होतं, आणि तो माणूस मी होतो. आज वाटतं, साहेबांनाही त्या दिवशी हायसं वाटलं असणार.

नोकरी राहिली. प्रेसवरून काढून त्यांना भंगार विभागात टाकायला मी लावलं, तेवढी अक्कल मला होती. पण सुपरवायझरने 'देशी' हे नाव पाळीभर केलं, आणि पाळीतली निम्मी माणसं आमच्याच कॉलनीत राहायची. आठवडाभरात ते कॉलनीत पोचलं. आता दाजी बसल्या जागी झोपले की लोकांना कारण माहीत होतं. विहाराच्या कमिटीतले एकजण त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, काही दिवस वंदना दुसऱ्याला सांगू दे. दाजी मागच्या रांगेत जाऊन बसले, आणि तिथेही भिंतीला टेकून झोपले. मागे दोन बायका एकमेकींकडे बघून पदराआड हसल्या. मी पुढे बसलो होतो, वळून बघितलं तेव्हा मला ते दिसलं.

माझ्या बहिणीला बाहेरूनच कळलं. ती माझ्याकडे आली.

"दादा, खरं आहे का?"

मी म्हणालो, "एकदाच झालं. सोडून दे."

एवढंच. नाही म्हणालो असतो तर ती जाऊन चारचौघांत भांडली असती, ते कारखान्यात पोचलं असतं, आणि खोटी कबुली दिली म्हणून दाजींची नोकरी गेली असती. माझंही पद गेलं असतं. दोन्ही कारणं खरी आहेत. कोणतं आधी मनात आलं, ते आता मला सांगता येत नाही.

काही महिन्यांनी ती म्हणाली, "मी त्यांचं तोंड हुंगते, दादा. रोज. वास येत नाही. वास न येणारी कुठली असते?"

मी म्हणालो, मला काय माहीत.

त्या काळात भिंतींवर चुन्याने जाहिराती रंगवलेल्या असायच्या. रोग्याला न सांगता दारू सोडवा. स्टँडजवळ एकजण पुड्या द्यायचा. बहीण त्याच्याकडून पुड्या आणायला लागली आणि दाजींच्या वरणात कालवायला लागली. हे तिने मला स्वतः सांगितलं, थोडं अभिमानानेच. दाजींना त्या जेवणानंतर उलट्या व्हायच्या आणि मग ते असे पडायचे की हलवून जागे व्हायचे नाहीत.

मी म्हणालो, "ते बंद कर. काय असतं त्यात कुणाला माहीत?"

"उलटी झाली म्हणजे लागू पडलं, असं सांगितलंय त्यानं. का बंद करू?"

"मी सांगतोय म्हणून."

"तू सांगतोस म्हणून? तू तर त्यांना पाठीशी घालतोस. तिकडे केस सोडवलीस, इथे औषध सोडवायला निघालास."

तिचं बोलणं तिच्या जागी बरोबर होतं. बंद का करायचं याचं एकच उत्तर होतं, आणि ते माझ्याजवळ होतं. मी चहा पिऊन घरी आलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट गोष्ट मी त्या दुपारी केली. चौकशीत मी एक चुकीचा हिशेब केला, तो कुणाचाही होऊ शकतो. या दुपारी मला सगळं माहीत होतं. त्या पुड्या पुढे दोन-एक वर्षं दाजींच्या पोटात जात राहिल्या, आणि मी त्यांच्या घरी जेवायला बसलो की माझ्या ताटातल्या वरणात काही नसायचं.

पुड्यांनी दाजींची झोप आणखी वाढली. भंगाराच्या पिंपांमागे ते पुन्हा झोपलेले सापडले. गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरला त्यांचे पाय दिसले म्हणून वाचले. पुन्हा चौकशी. या वेळी मी सरळ उभा राहिलो आणि सांगितलं, साहेब, हा माणूस पीत नाही, कारखान्यात डोक्याला मार लागला तेव्हापासून मेंदूचं बिघडलंय, माझ्याकडे डॉक्टर आहे.

साहेब शांतपणे म्हणाले, "मागच्या वेळी तुम्हीच शेजारी बसला होता ना? देशी असेल, हे तुमचे शब्द. आता मेंदू कुठून काढलात?"

मी गंगापूर रोडला गेलो. तिथे कळलं, ते डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे गेले. दाजींची नोकरी गेली, आणि कामावर झालेल्या इजेपोटी जे हक्काने मागता आलं असतं ते मागायचा रस्ताही गेला, कारण रेकॉर्डवर झोपेचं कारण लिहिलेलं होतं. ते त्यांच्या तोंडून मी वदवून घेतलं होतं.

पुढची वर्षं दाजी घरात खाटेवर होते. बहीण द्राक्षांच्या पॅकिंगला दिंडोरीकडे जायची, सीझन संपला की कुणाच्या घरचं स्वयंपाकपाणी. त्यांची मुलगी, माझी भाची, शाळेतून आली की बापाला उठवून जेवायला घालायची. घरात पैसा नाही, मग दारू कुठून येणार, असा बहिणीने विचार केला आणि पुड्या थांबवल्या. तिच्या हिशेबात त्यांची दारू सुटली होती. झोप राहिली, ती दारूने शरीराची नासाडी केली म्हणून.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी, भाची कॉलेजात असताना, तिनेच हट्टाने बापाला एका तरुण डॉक्टरकडे नेलं. मी सोबत होतो. त्या डॉक्टरने कागदावर मेंदूचं चित्र काढलं. तळाशी, अगदी मध्यावर बोट ठेवलं. म्हणाला, इथे थोड्याशा पेशी असतात. त्या एक रसायन बनवतात, त्याचं काम माणसाला जागेपणात धरून ठेवायचं. जोरात मार बसला की कवटी वाचते, पण आत मेंदू हिसकतो आणि या पेशी मरतात. मग माणूस जागेपणातून सारखा निसटतो. यात आळस नाही, चूक नाही.

भाचीने विचारलं, "दारूनं होतं का असं?"

"पीत होते का?"

"हो, पूर्वी."

डॉक्टरची पेन्सिल थांबली. "मग नक्की सांगणं अवघड आहे. दोन्ही असू शकतं."

दाजी माझ्या शेजारी जागे बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी एकटा परत गेलो आणि डॉक्टरला सांगितलं, यांनी कधी घेतलेली नाही. त्याने विचारलं, मग मुलीला असं का वाटतं? मी म्हणालो, गैरसमज आहे घरात. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि औषध बदलून दिलं.

त्या गोळ्यांनी दाजी दिवसातला बराच वेळ जागे राहू लागले. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसायचे. आम्हाला आनंद झाला, पण मला त्यांच्याकडे जायची भीती वाटायला लागली. झोपलेल्या माणसासमोर बसणं सोपं होतं.

एकदा मी विचारलं, "दाजी, सांगून टाकू का तिला?"

ते म्हणाले, "कशाला आता? ती म्हणते तिनं मला वाचवलं. पुड्यांचं मला तेव्हाच कळलं होतं, वरणाची चव बदलली होती ना."

"मग खात का होता?"

"नाही खाल्लं असतं तर ती म्हणाली असती, याला सोडायचीच नाही." मग म्हणाले, "तुमचंही अवघड झालं असतं, दादा."

त्यांनी मला मोकळं केलं, असा अर्थ मी घेतला. मला तो सोयीचा होता. त्यानंतर ते फार जगले नाहीत. तापाचं निमित्त झालं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला माझी बहीण सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "शेवटच्या वर्षांत त्यांनी दारूला हात लावला नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या शेजारचा माणूस हळूच म्हणाला, सुटली म्हणजे नशीबच.

तेव्हापासून कॉलनीतल्या बायका तिच्याकडे सल्ल्याला येऊ लागल्या. आमच्या यांची सुटली, तुमच्या यांचीही सुटेल, असं ती सांगायची. मी ते वर्षानुवर्षं ऐकलं.

गेल्या हिवाळ्यात मी तिच्याकडे बसलो असताना मागच्या गल्लीतली एक बाई आली. तिचा मुलगा मोटारसायकलवरून पडला होता, डोक्याला टाके पडले होते. "आता बरा आहे हो ताई," ती म्हणाली, "पण दिवसभर लोळतो, उठवलं तर अंगावर येतो. वास येत नाही, पण पीतच असणार. नाहीतर एवढी झोप कुणाला येते?"

बहीण म्हणाली, "स्टँडजवळचा तो माणूस गेला, पण त्याचा मुलगा देतो अजून. पत्ता देते."

मी म्हणालो, "पुडी देऊ नका त्याला."

"का?" बहीण म्हणाली.

आणि मी सांगितलं. त्या परक्या बाईसमोरच सांगितलं, कारण ती उठून गेली असती तर माझं धाडस गेलं असतं. टपरी, देशी, डॉक्टर, सगळं. मुलाला मेंदूच्या डॉक्टरकडे न्या, पडल्याचं आधी सांगा, असं म्हणालो. ती बाई घाबरून गेली, चप्पल घालता घालता निघालीच.

मला वाटलं बहीण मला शिव्या देईल. तिने विचारलं, "म्हणजे मी त्यांना काय चारत होते?"

मग तिनेच पुढे विचारलं,

"त्यांना माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू माझ्या घरी जेवत होतास."

ती उठून आत गेली. मी बाहेरच्या खोलीत बसून राहिलो. संध्याकाळी भाची कामावरून आली, तिने मला घरी सोडलं. तिने आयुष्यभर बापाला दारुडा समजून सांभाळलं होतं, आणि डॉक्टरसमोर तसं सांगितलंही होतं.

थोड्या दिवसांनी बहिणीचा फोन आला. म्हणाली, "लिही हे. तुझ्या हाताने. ते पीत नव्हते हे लिही. आणि मी पुड्या घातल्या हेही लिही. तुझं एकट्याचंच लिहून मोकळा होऊ नकोस."

म्हणून लिहिलं. मी भाचीजवळ हे कागद पाठवले, ते तसेच परत आले. भाची म्हणाली, आईने उघडले नाहीत, म्हणाली, त्यात काय आहे ते मला माहीत आहे. बहिणीच्या घरी मी त्यानंतर गेलेलो नाही. तिने येऊ नको असं म्हटलेलं नाही. ये, असंही म्हटलेलं नाही.